नंबराची पट्टी

दहाव्या कलमापर्यंत छकूला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलाच्या कडेला सरकवून ती वृद्धनिवासाचा छापील कागद भरत बसली होती. औषधांची यादी, भेटीच्या वेळा, किमती वस्तू आणू नयेत, भिंतीला खिळे ठोकू नयेत. दहाव्या कलमात ‘अखेरच्या प्रसंगी कोणास कळवावे’ असं होतं, तिथंही तिनं एखादी तक्रार उतरवून घ्यावी तसा स्वतःचा पत्ता लिहून टाकला होता. मग अकरावं कलम आलं. ‘निवासींच्या प्रत्येक कपड्यास आतील बाजूने, मानेपाशी, सोबत दिलेली क्रमांकाची पट्टी शिवून आणावी. शाईने लिहिलेला क्रमांक चालणार नाही.’ कागदाला टाचणीनं एक पाकीट लावलं होतं. त्यात पांढऱ्या फितीचे तीस तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे, आणि प्रत्येकावर निळ्या दोऱ्यानं विणलेला सदतीस. छकूनं त्यातला एक बोटावर ठेवून पाहिला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. आईला तिथं ठेवायचं तिनं ठरवलं होतं, दादाला कळवलं होतं, जागा पक्की केली होती, महिनाअखेरचा रविवार ठरवून घेतला होता, आणि हे सगळं अगदी कोरड्या डोळ्यांनी केलं होतं. अडलं ते ‘शिवून’ या शब्दापाशी. एक्कावन्न वर्षांची बाई, जन्मभर शिवणकाम करून घर चालवलेल्या बाईची मुलगी, आणि तिला साधा टाका घालता येत नव्हता.

छकू हे काही तिचं नाव नव्हे. पण आई तिला पहिल्यापासून तेच म्हणत आली आणि आईला आता दुसरं कुठलं नाव आठवेल याची खात्री नव्हती, तेव्हा तेच खरं. कामावर तर तिला नावच नव्हतं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, आलं ते गेलंच नाही आणि जिन्यावरून वाहतंय. प्रत्येकाला ती म्हणायची, “नोंद घेतली आहे.” लोक शिव्या द्यायचे, काही रडायचे, एक आजोबा तर तक्रार नसतानाही रोज अकराला फोन करायचे. त्यांनाही ती म्हणायची, नोंद घेतली आहे. दिवसाकाठी शंभरेक वेळा हे वाक्य म्हणून झालं की संध्याकाळी घसा नुसता बसायचा नाही, तो आपला आहे असंही वाटायचं नाही. आणि घरी जिना चढून दार उघडलं की आई विचारायची, “कोण पाहिजे?”

गेल्या चार महिन्यांत आईनं तीनदा गॅस उघडा ठेवला होता. एकदा तर हातावर घडी केलेला शर्ट घेऊन, वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कापडाच्या दुकानाकडे निघाली होती, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. खालच्या मजल्यावरच्या मावशी दिवसभर तिच्याकडे बघायच्या, त्यांनी तिला चौकातून परत आणलं आणि त्या संध्याकाळी छकूला दारातच गाठून सांगितलं, “हे बघ, मला वाईट वाटतंय, पण माझेही गुडघे आता जिना मोजतात. मला नाही झेपणार.” छकूनं मान हलवली. कुणाकुणाला झेपत नव्हतं याची यादी केली तर त्यात तिचं स्वतःचं नाव पहिलं होतं, पण ते विचारायला कुणी आलं नव्हतं. दादा दुसऱ्या देशात होता आणि फोनवर फार समजूतदार होता. तो म्हणाला, “तुला योग्य वाटेल ते कर. माझी कशालाच ना नाही.” म्हणजे सगळा अधिकार तिला दिला, आणि अधिकाराबरोबर जे येतं तेही.

नाही म्हणायला ती आधी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेली होती. कपड्यांची पिशवी अजून नव्हती, नुसतं पाकीट होतं. शिंप्यानं फितीचा तुकडा चष्म्याजवळ धरला. “शाळांचे गणवेश आलेत ताई, वर बघायला फुरसत नाही. आणि हे किती, तीस? हातशिलाई?” मग तो थांबला. “तुमच्या आईचे कपडे का? उलटवलेल्या कॉलरचं काम बघायला आमचे वडील मला तुमच्या घरी पाठवायचे. त्यांच्या मुलीनं हे माझ्याकडे आणावं?” तो सहज बोलला होता, टोमणा मारायचा त्याचा विचार नव्हता. पण सदतीस हा आकडा कशाचा, हे त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं नाही यावरूनच त्याला ते कळलंय हे छकूला कळलं. तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि कानाला खडा लावला, की हे काम आता बाहेर जायचं नाही.

“मला शिवायला शिकव,” असं त्याच संध्याकाळी ती आईला म्हणाली. आई खिडकीपाशी बसून स्वेटरच्या बाहीची कड चाचपत होती. तिची मान अशी वळली की छकूला क्षणभर जुनीच आई दिसली, तोंडात टाचण्या धरलेली, बोलायला वेळ नसलेली. “तुला? कशाला?” छकूनं जिन्यात ठरवून ठेवलेलं खोटं बाहेर काढलं. “गोधडी करीन म्हणते. थंडी येतेय.” आणि ते अगदीच खोटंही नव्हतं, कारण त्या कागदाच्या बाराव्या कलमात ‘घरचे एक पांघरूण चालेल’ असं लिहिलं होतं. आईनं बाही सोडली. मग म्हणाली, “पलंगाखालची पेटी ओढ.” पेटी कुठं आहे हे तिला नेमकं माहीत होतं. दुपारी जेवली की नाही ते माहीत नव्हतं.

पेटीत चिंध्याच होत्या, पण आईच्या हातात आल्या की त्या चिंध्या राहायच्या नाहीत. आईचं खरं कसब कॉलर उलटवण्याचं. शर्टाची कॉलर मानेपाशी झिजली की ती कॉलर अलगद सोडवून, आतली बाजू बाहेर करून, अशी बसवायची की शर्टाला अजून दोन वर्षं आयुष्य मिळायचं आणि कुणाच्या बापाला कळायचं नाही. दोन्ही बाजू झिजलेल्या कॉलरी, कफ, आखूड केलेल्या पँटच्या कडा, हे सगळं तिनं पेटीत साठवलं होतं. आता एकेक तुकडा उचलून ती बोलायला लागली. “हा उंच मास्तरांचा. मान ही एवढी लांब, कॉलर कधी मळायचीच नाही. हा त्या बँकेतल्याचा, घाम फार. हा… हा तुझ्या बाबांचा.” बाबा जाऊन तीस वर्षं झाली होती. आईनं तो तुकडा बाकीच्यांसारखाच ढिगावर ठेवला आणि पुढचा उचलला. छकूला वाटलं, ही जन्मभर माणसांच्या मानाच बघत बसली. चेहऱ्यांचं काय झालं ते हिला कधी नीट ठाऊकच नव्हतं, मग ते विसरल्याचं आपण एवढं मनाला का लावून घेतो?

पहिले चार दिवस सुईत दोरा ओवण्यातच गेले म्हटलं तरी चालेल. छकू डोळे बारीक करून दोरा सुईकडे न्यायची, दोऱ्याचे दोन फाटे व्हायचे, एक आत आणि एक बाहेर. आई ऐकत बसायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला धुरकटच दिसायचं, पण श्वासावरून तिला समजायचं. “दोरा नेऊ नकोस गं सुईकडे. दोरा चिमटीत धर, टोक जेमतेम दिसेल एवढाच, आणि सुई त्याच्यावर आण.” तसं केल्यावर तो गेला. छकूला हसू आलं, एवढ्याशा गोष्टीचं. मग तिनं भलामोठा दोरा घेतला तर आई म्हणाली, “एवढा? गावाला निघालीस का? बोटापासून कोपरापर्यंत घे, पुढं गाठी पडतात.” मग धावदोरा. सुई खाली, सुई वर, खाली, वर, यात काय आहे एवढं, असं तिला सहा टाके होईपर्यंत वाटलं. सातवा टाका लांब गेला, आठवा त्याच्या अंगावर चढला, आणि दहाव्यापर्यंत ओळ वाकडी होऊन कडेला पळायला लागली. आईनं ओळीवरून अंगठा फिरवला. “उसव.” छकूनं उसवलं. “परत घाल.” घातली. “उसव.” सव्वीस वर्षं लोकांच्या शिव्या ऐकूनही जिच्या कपाळावर आठी पडली नाही, तिच्या अंगाचा त्या एका शब्दानं तिळपापड व्हायचा. दिवसभर ऐकायचं ते ऐकायचं आणि घरी येऊन हे. ती कापड पलंगावर टाकायची, चहा ठेवायला उठायची, गॅसची कळ दोनदा तपासायची, आणि परत येऊन बसायची.

दमून आलेल्या माणसानं हे का करावं, याला तिच्याकडे उत्तर होतं: सव्वीस कपडे. आईचे गाऊन, सदरे, स्वेटर, दोन कोट. आई झोपली की, किंवा आंघोळीला गेली की, छकू स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून त्यांना नंबराच्या पट्ट्या लावायची. जे संध्याकाळी खोलीत शिकायची तेच इथं लपून वापरायची. पट्टीच्या चारही कडा आत मुडपायच्या, कोपरे दाबायचे, बारीक टाके. कोपरे कधी धड बसायचे नाहीत. सुई बोटात रुतायची, रक्ताचा ठिपका पट्टीवर यायचा, ती तो थंड पाण्यानं चोळून काढायची. झालेला कपडा माळ्यावरच्या बॅगेत. कधीकधी एकाच संध्याकाळी आईनं ‘आता बरा आला टाका’ म्हणावं आणि तासाभरानं तोच बरा टाका आईच्या गाऊनच्या मानेत सदतीस बसवायला कामी यावा, असं व्हायचं.  ज्याच्यावर चालवायचा त्याच्याकडूनच चाकूला धार लावून घ्यावी असलं काहीतरी आपण करतोय हे तिला स्वच्छ दिसत होतं. ते ती कुणाला सांगू शकत नव्हती, आणि सांगितलं असतं तर समोरच्यानं काय म्हटलं असतं तेही तिला पाठ होतं.

आणि मेलं नेमकं याच दिवसांत घर बरं वाटायला लागलं होतं. मावशी म्हणाल्या, आई दुपारभर तुकडे जुळवत बसते, कुठं जात नाही की काही नाही. संध्याकाळी दार उघडलं की आई ‘कोण पाहिजे’ विचारायची नाही, विचारायची, “दोरा आणलास?” सकाळी मात्र सगळं पुसलेलं असायचं. सकाळी आई तिला कुणीतरी गिऱ्हाईक समजून, “परवापर्यंत होईल,” असं सांगायची आणि छकू बरं म्हणून कामावर जायची. पण कापड हातात आलं की आई परत जागेवर. छकू हेडफोन लावून, समोरचा माणूस तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून ओरडत असताना, कागदाच्या कडेला पेन्सिलीनं धावदोरा काढत बसायची. सारख्या लांबीच्या रेघा, सारखी अंतरं. तिच्या लक्षात आलं की संध्याकाळची आपण वाट बघतोय. कितीतरी वर्षांनी असं होत होतं, आणि महिनाअखेर आता बारा दिवसांवर आली होती.

गोधडीचे थर एकमेकांवर घालून आधी कच्च्या टाक्यांनी अडकवायचे असतात, नाहीतर वरून सगळं छान दिसतं आणि खालच्या थराला चुणी पडते. छकूनं घाई केली आणि चुणी पडली. आईनं गोधडीखाली एक तळवा घातला, वर दुसरा ठेवला, आणि दोन्ही हात बरोबरीनं सरकवत नेले. एका जागी ते थांबले. “इथं.” छकूनं उलटून पाहिलं तर खरंच, करंगळीएवढी घडी टाक्यात शिवली गेली होती. ती सोडवायची तर चार ओळी उसवाव्या लागणार. “राहू दे ना आई. कोण बघतंय खालून?” आई म्हणाली, “बघत कुणीच नाही. टोचतं.” त्या दिवशी सगळ्या चार ओळी उसवल्या. पण पुढच्या आठवड्यात पायथ्याच्या कोपऱ्यात आणखी एक चुणी पडली, ती छकूला स्वतःलाच सापडली, आणि ती तिनं तशीच राहू दिली. दिवस थोडे होते, पाठ मोडून आली होती. आईचा हात तिकडं गेला नाही.

छकू सात वर्षांची होती तेव्हाची एक गोष्ट तिनं आजवर एकाच पद्धतीनं आठवली होती. आई मशीनवर होती, पाय चालू होता, आणि छकूनं सरकत्या कापडावर बोट ठेवलं, कापडाबरोबर ते कुठं जातं बघायला. सुई नखातून आरपार गेली. आई ओरडली नाही. तिनं पाय थांबवला, उजव्या हातानं चाक धरलं आणि ते फार सावकाश, उलटं फिरवलं, सुई वर येईपर्यंत. मग बोटाला पट्टी बांधली, छकूला टेबलाखाली बसवलं, आणि परत पाय चालू केला, कारण गिऱ्हाईक सहाला येणार होतं. टेबलाखालून छकूला फक्त आईचे पाय दिसत होते, वर-खाली. दुसऱ्या दिवसापासून सुया, कात्र्या, सगळं कुलपात गेलं. “हे बोटांचं काम आहे. तू डोक्याचं कर.” हे वाक्य तिनं मोठेपणी कितीजणांना अभिमानानं सांगितलं होतं, की बघा, शिकलेली नसून आईला केवढी दृष्टी. आणि मनातल्या मनात त्याच वाक्याचा तिला राग होता, कारण डोक्याचं काम काही तिला जमलं नाही. ती बोटांचीही झाली नाही, डोक्याचीही नाही. ती नुसती आवाज झाली.

शेवटच्या आठवड्यात एकदा, गोधडीची कड मुडपताना, आईनं तिच्या डाव्या हाताचं ते बोट धरलं. नखाच्या मधोमध अजून एक बारीक खाच होती. आई अंगठ्यानं ती खाच घासत राहिली. मग म्हणाली, “दुखतंय का अजून?” “कधीचंच नाही गं,” छकू म्हणाली. आई म्हणाली, “चाक उलटं फिरवताना माझा हात एवढा कापत होता, मला वाटलं, सुई आतच मोडणार. म्हणून हळू फिरवलं.” आईचा आवाज अगदी रोजचा होता, मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा. छकू म्हणाली, “आणि लगेच शिवायला बसलीस.” “मग काय करू? बसले नसते तर परत कधी बसलेच नसते.” मग आईच म्हणाली, “तुला शिकवायला पाहिजे होतं मी. पण तुझा हात सुईजवळ दिसला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. तू हुशार वगैरे सगळं नंतर सुचलं.” छकूला वाटलं आता काहीतरी बोलायला पाहिजे, आत्ताच, सगळं सांगून टाकायला पाहिजे, रविवारचं, सदतीसचं. तिच्या तोंडात शब्द गोळा झाले होते. तेवढ्यात आईनं बोट सोडलं, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं, आणि विचारलं, “तुमचं माप घेतलंय का मी?” छकू म्हणाली, घेतलंय.

शुक्रवारी तिला उशीर झाला. कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली होती, अर्धं शहर फोनवर होतं, आणि घसा पार बसला होता. जिना चढताना ती हिशेब लावत होती, की सव्वीस झाले, गोधडीची कड राहिली, उद्या शनिवार. दार लोटलं आणि ती दारातच थांबली. माळ्यावरची बॅग जमिनीवर उघडी पडली होती. ती खाली कशी आली देव जाणे. बहुतेक मावशींना काढायला लावली असेल. पलंगावर आईचे सगळे कपडे घड्या घालून रचलेले होते, कडेला कड लावून, दुकानात असतात तसे. आई खिडकीशी बसली होती, सुई धरून.  तीन आठवडे छकू याच क्षणाला भीत होती: आईला कळेल, आणि आई तिच्याकडे बघेल.

“ये,” आई म्हणाली. “किती वाकड्या लावल्या होत्यास गं पट्ट्या. एकीचाही कोपरा धड नाही. असं काम घेऊन गेलं तर लोक नावं ठेवतील. सगळ्या उसवून परत लावल्या.” छकूनं वरचा गाऊन उचलला. सदतीस सरळ बसला होता, टाका हाताला लागत नव्हता आणि डोळ्याला जेमतेम दिसत होता. दुसरा उचलला, तिसरा. सगळे तसेच. मग तिला ढिगाच्या शेजारचा दुसरा, लहान ढीग दिसला. राखाडी रंगाचा. ते तिचे कामावरचे शर्ट होते, अंगावरचा सोडून बाकीचे चार, आणि चारांच्याही कॉलरच्या आत सदतीस होता. “हे काय केलंस आई?” “चार पट्ट्या उरल्या होत्या. तुझे राहिलेच होते.” “पण माझ्या शर्टांना कशाला?” आई वैतागली, जशी ती मंद गिऱ्हाइकावर वैतागायची. “अगं तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. नंबर नको? हरवतील ना तुझे.” “तिथं म्हणजे कुठं?” छकूनं विचारलं. तिचा आवाज असाही बसलेला होता. आई सुई दोऱ्याच्या रिळात खोचत म्हणाली, “आपण चाललोय तिथं.”

‘आपण’ कोण, हे त्याच वेळी सांगता आलं असतं. शनिवारी दिवसभर सांगता आलं असतं. शनिवारी दोघींनी मिळून गोधडीची कड पुरी केली, आई एका टोकाकडून आणि छकू दुसऱ्या टोकाकडून, मध्ये भेटेपर्यंत. आई खुशीत होती. मध्येच म्हणाली, “तिथं खिडकी असेल ना? उजेड डावीकडून पाहिजे.” छकू म्हणाली असेल. दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. असं भित्रेपण तिनं लोकांच्या बाबतीत पाहिलं होतं. फोनवर तासभर बोलतात आणि खरी तक्रार सांगतच नाहीत. रविवारी सकाळी आईनं तिच्यासाठी राखाडी शर्ट काढून ठेवला होता, इस्त्री केलेला. गॅसची कळ बंद होती. “हा घाल. नंबरवाला.” तिनं घातला.

निवासाच्या व्यवस्थापक बाई पन्नाशीच्या होत्या, चटपटीत, गळ्यात किल्ल्या. त्यांनी बॅग खोलीतल्या टेबलावर उघडली आणि एकेक मान उलटून नंबर तपासला. “काम फार सुरेख आहे. लोक कसंही टाचून आणतात. कुणाकडून करून घेतलंत?” “आईनंच केलंय,” छकू म्हणाली. बाईंनी आईकडे कौतुकानं पाहिलं. खोलीत एक खाट होती, एक कपाट, आणि डावीकडे खिडकी. गोधडी छकूनं खाटेवर पसरली. आईनं खाटेची रुंदी हातानं मोजली, एक वीत, दोन, तीन, चार. मग मान हलवली. “अरुंद आहे जरा. ही झोपेत लाथा मारते. पण होईल.” व्यवस्थापक बाई हसल्या, त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. “ह्या नाही हो आजी राहणार. तुम्ही एकट्याच.” “तसं कसं?” आई म्हणाली, आणि तिनं उठून छकूच्या मानेला हात घातला, कॉलर उलटली, अगदी सराईतपणे, आणि बाईंना दाखवली. “हा बघा हिचा नंबर. माझाच आहे. आम्ही दोघी एकाच नंबरवर.”

 मानेवर आईची बोटं थंड होती आणि ती कॉलर तशीच धरून उभी होती, बाईंना नीट वाचता यावं म्हणून. व्यवस्थापक बाईंनी छकूकडे पाहिलं आणि किल्ल्या मुठीत धरल्या, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून. अशी वेळ त्यांनी पुष्कळदा पाहिली असणार. “आई,” छकू म्हणाली, “मी नाही राहणार. मी घरी जाणार. तू एकटी राहणार इथं.” सगळं मिळून दहा-बारा शब्द. तीन आठवडे ती ज्यांच्याभोवती फिरत होती ते हेच.

आई खाली बसली. तिचे हात आपोआप गोधडीवर गेले, एक वर, एक खाली, आणि सरकत पायथ्याकडे निघाले. कोपऱ्यात ते थांबले. “ही चुणी राहिली,” ती म्हणाली. छकू म्हणाली, “हो. माहीत होती मला.” “माहीत होती आणि ठेवलीस.” “दमले होते गं.”  आई चुणीवर अंगठा फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मग त्या शर्टांवरचे नंबर काढायला लागतील.” “मी काढीन.” “नको.” आई पटकन म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर छकूनं जे कधीच पाहिलं नव्हतं, टेबलाखालून जे दिसणं शक्यच नव्हतं, ते आलं. तिला भीती वाटत होती. “तू नको हात लावूस. माझा टाका बारीक आहे, तुला सापडायचा नाही. ब्लेड बोटात घुसेल. इथं घेऊन ये. मी काढून देते.” छकूनं होकार दिला.  तिला खाटेच्या कडेवर बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या, आणि आईचा अंगठा चुणीवरून ये-जा करत होता.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा पट्टी मानेला किंचित खुपत होती, उजव्या कोपऱ्याशी. अकरा वाजता त्या आजोबांचा फोन आला. तक्रार काहीच नव्हती. छकूनं सवयीनं तोंड उघडलं, आणि मग ते वाक्य न म्हणता विचारलं, “जेवण झालं का तुमचं?” पलीकडून आजोबा सांगायला लागले. ऐकता ऐकता ती डाव्या हातानं कॉलरच्या आत चाचपत राहिली. गाठ कुठं आहे ते बोटांना कळत नव्हतं. आई गाठ नेहमी दोन कापडांच्या मध्ये लपवायची. निवासाची भेटीची वेळ रविवारी, तीन ते पाच. शर्ट चार होते. चारही एकदम न्यायचे नाहीत, एका वेळी एकच न्यायचा, एवढं तिनं ठरवून टाकलं.